रोशाच्या तेलात असतं तरी काय?

एकोणिसाव्या शतकात बल्गेरियातल्या काझानलकच्या खोऱ्यात गुलाबाचं जे महागडं तेल निघायचं, त्यातल्या बऱ्याच तेलात खानदेशचा वाटा असायचा. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या भागातल्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या एका गवताचं तेल मुंबई बंदरात यायचं. तिथून जहाजानं तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत आणि पुढे अरबस्तानातून इस्तंबूलला जायचं. तुर्की बाजारात त्याचं नाव होतं इदरीस यागी. तिथले व्यापारी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर खळखळून हलवायचे, ऊन-वारा देऊन त्याचा उग्रपणा कमी करायचे आणि मग ते गुलाबाच्या तेलात मिसळायचे. काही ठिकाणी तर पाकळ्या भट्टीत जाण्याआधीच त्यांच्यावर हे तेल शिंपडलं जाई, म्हणजे ऊर्ध्वपातनातच दोन्ही एकजीव व्हायचं.

ही भेसळच होती, तिचं कौतुक नको. पण डोंगरातल्या गवताचं तेल गुलाबाच्या तेलात खपून कसं जातं, या प्रश्नाचं उत्तर मात्र समजून घेण्यासारखं आहे. कोणत्याही सुगंधी तेलाकडे कसं पाहायचं, त्याच्या गुणांबद्दलचे दावे कसे तपासायचे, हे त्या एका उत्तरातून बरंचसं कळतं. आणि हे गवत आपल्या सातपुड्याचं आहे, म्हणून ते आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गवताचं नाव रोशा. संस्कृत ग्रंथांत रोहिष, काही भागांत तिखाडी. वनस्पतिशास्त्रात सिंबोपोगॉन मार्टिनी. यातला ‘मार्टिनी’ आला तो जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून, ज्यांच्या पैशातून लखनौची ला मार्टिनियर शाळा उभी राहिली. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात त्यांनी बालाघाटच्या उंच मुलखातून या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला पेरलं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी पुढे त्यांच्या नावानं या गवताची नोंद केली. आपल्या परसातला गवती चहा याच कुळातला, रोशाचा सख्खा भाऊच म्हणा.

रोशाचे दोन प्रकार आहेत: मोतिया आणि सोफिया. बाजारातला सगळा घोळ इथूनच सुरू होतो. दोन्ही गवतं दिसायला इतकी सारखी की जुन्या काळी अनेकांना वाटायचं, हे एकच गवत आहे. फुलोरा कोवळा आणि निळसर असताना कापलं की मोतिया, पिकून तांबूस झाल्यावर कापलं की सोफिया. तसं नाही. मोतियाच्या पेशीत २० गुणसूत्रं असतात, सोफियाच्या ४०. मोतियाला कोरडा, उघडा, उन्हाचा उतार मानवतो. सोफियाला ओलसर, सावलीची, दाट रानाची जागा. मोतियाच्या तेलाला जगात पामारोसा म्हणतात आणि अत्तरवाले त्याला चांगला भाव देतात. सोफियाच्या तेलाला जिंजरग्रास म्हणतात आणि ते बरंच स्वस्त जातं. एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन्ही गवतं असू शकतात. कापणाऱ्याच्या हाताला फरक कळला नाही, तर भट्टीत दोन्ही एकत्र जातात.

आता भट्टीकडे वळू.

जुनी पद्धत अशी: ओढ्याकाठी चूल मांडायची, तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची डेग, आत गवताच्या पेंढ्या आणि पाणी, वर झाकण, झाकणातून निघालेली बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाला ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेलं भांडं. पाणी उकळलं की वाफ गवतातून वर येते, नळीतून जाते, भांड्यात थंड होते. वर तेल तरंगतं, खाली सुगंधी पाणी राहतं. आज स्टीलची टाकी असते, वाफ वेगळ्या बॉयलरमधून येते, पण तत्त्व तेच.

या साध्या दिसणाऱ्या कामात एक कोडं आहे. रोशाच्या तेलातला मुख्य पदार्थ सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळतो. पाणी तर १०० अंशांना. मग तेल वाफ होऊन वर येतंच कसं? याचं कारण असं की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळत नाहीत म्हणून कोणीच दुसऱ्याला अडवत नाही; दोघंही आपापल्या परीनं हवेत बाष्प सोडत राहतात. दोघांच्या बाष्पाचा दाब मिळून बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते, आणि ती १०० अंशांच्या किंचित खालीच फुटते. त्या बाष्पात तेलाचा हिस्सा फार लहान असतो, पण वाफ सतत वाहत राहिली की थोडं थोडं करत सगळं तेल बाहेर पडतं. म्हणूनच काही तास भट्टी चालवावी लागते. जे रेणू २३० अंशांच्या थेट उष्णतेत करपले असते, ते १०० अंशांच्या आत सुखरूप निघून येतात.

सगळेच सुखरूप येतात असं मात्र नाही. तेलात जिरॅनाइल अॅसिटेट नावाचा एक पदार्थ असतो. गवत उकळत्या पाण्यातच जास्त वेळ राहिलं तर पाणी त्याचे तुकडे करतं, आणि त्यातून जिरॅनिऑल आणि व्हिनेगारमधलं आम्ल तयार होतं. तळाला गवत लागलं तर जळका वास तेलात उतरतो. म्हणजे एकाच शेतातलं गवत दोन भट्ट्यांत घातलं तर दोन वेगळी तेलं मिळू शकतात. कापणीची वेळही महत्त्वाची. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत असतं, दांड्यात जवळपास नाहीच. म्हणून गवत पूर्ण फुलल्यावर, बी धरू लागतं त्या सुमारास कापतात. उतारा साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे १०० किलो गवतामागे अर्धा किलो तेल. हे थोडं वाटत असेल तर गुलाबाचा हिशेब पाहा: एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या. इस्तंबूलच्या व्यापाऱ्याला रोशाचा मोह का पडायचा, ते या दोन आकड्यांतच आलं.

आकड्यांनी मोह कळतो, पण भेसळ पचायची कशी हे रसायनात आहे. मोतिया रोशाच्या तेलात साधारण ७५ ते ९० टक्के एकच पदार्थ असतो, त्याचं नाव जिरॅनिऑल. ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७१ साली भारतातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून तो पहिल्यांदा वेगळा काढला. युक्ती छान होती. जिरॅनिऑल कोरड्या कॅल्शियम क्लोराइडशी जोडून घनरूप संयुग बनवतं. बाकीचं तेल धुऊन टाकायचं आणि मग त्या घन पदार्थात पाणी घालायचं की शुद्ध जिरॅनिऑल सुटून येतं. गुलाबाच्या सुवासात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि नेरॉल हे तिघे प्रमुख. म्हणजे गुलाबाच्या तेलाचा एक मुख्य घटक रोशाच्या गवतात जवळपास तयार स्थितीत मिळतो. नाकाला फसवायला तेवढं पुरतं. पूर्ण फसवायला पुरत नाही, कारण गुलाबात अगदी सूक्ष्म प्रमाणात असणारे काही पदार्थ, उदाहरणार्थ डॅमॅसेनोन, रोशात सापडत नाहीत. शिवाय खऱ्या गुलाबाच्या तेलात मेणासारखा भाग असतो, त्यामुळे ते थंड हवेत गोठतं. रोशा मिसळला की ते गोठायला आणखी थंडी लागते. जुने पारखी बाटली थंड करून हेच पाहायचे.

जिरॅनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ असतो. वनस्पती हा रेणू पाच-पाच कार्बनच्या दोन तुकड्यांपासून घडवते. अशा दहा कार्बनी रेणूंना मोनोटर्पीन म्हणतात आणि बहुतेक सुगंधी तेलांचा संसार यांच्यावरच चालतो. वास ठरतो तो त्या अणूंच्या मांडणीनं. भूमध्य समुद्राकाठी लॉरेल नावाचं झाड आहे. युरोपातल्या स्वयंपाकात त्याचं पान आपल्या तमालपत्रासारखं वापरतात, पण झाड वेगळं. (आपल्या तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात, लॉरेलच्या पानाला मधली एकच.) लॉरेलच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल. त्यातही कार्बन १०, हायड्रोजन १८, ऑक्सिजन १. अणूंचा हिशेब जिरॅनिऑलशी तंतोतंत जुळतो. फरक एवढाच की जिरॅनिऑलचा रेणू सरळ, उघडी साखळी आहे, तर सिनिओलमध्ये ती साखळी वळून बंद झालेली आहे आणि ऑक्सिजन तिच्यावर पूल बांधून बसला आहे. पहिल्याला गुलाबाचा वास, दुसऱ्याला निलगिरीचा. उलट जिरॅनिऑलमधून हायड्रोजनचे दोन अणू काढले की सिट्रल होतं, आणि सिट्रल म्हणजेच गवती चहाचा तो लिंबासारखा वास. सख्ख्या भावांत दोन अणूंचं अंतर!

मोतियाच्या उरलेल्या तेलात जिरॅनाइल अॅसिटेट असतं, थोडं लिनलूल, थोडं कॅरिओफायलीन आणि इतर बारीकसारीक घटक. सोफियाचं तेल मात्र निराळंच. त्यात जिरॅनिऑलचा वाटा खूप घटतो. लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल, कार्व्होन असे पदार्थ पुढे येतात. दिसायला जुळी गवतं, पण बाटलीत उतरलेला ऐवज वेगळा. म्हणून कोणी ‘रोशाचं तेल अमुक रोगावर चालतं’ असं म्हणालं, तर माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या रोशाचं? आणि दुसरा, त्याचा रिपोर्ट आहे का?

हा रिपोर्ट येतो गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या यंत्रातून. यंत्रात केसासारखी बारीक आणि बहुधा ३० मीटर लांब नळी वेटोळं करून ठेवलेली असते, आतून तिला एका पदार्थाचा पातळ लेप असतो. तेलाचा अगदी लहानसा थेंब गरम करून त्याची वाफ नळीत सोडतात आणि मागून हेलियमसारखा वायू ढकलत राहतात. सारंगखेड्याच्या यात्रेत शंभर माणसं एकदम एका टोकाला शिरली, तर दर दुकानापाशी रेंगाळणारा शेवटी बाहेर पडतो आणि कशातच जीव न अडकणारा सगळ्यात आधी, रेणूंचंही तसंच. लेपाशी ज्याची जास्त सलगी आणि ज्याला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, तो उशिरा बाहेर येतो. बाहेर येणाऱ्या प्रत्येक घटकासाठी कागदावर एक शिखर उमटतं. शिखराचं क्षेत्रफळ म्हणजे त्या घटकाचा अंदाजे वाटा. शेजारी मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असला तर तो प्रत्येक घटकाचे तुकडे करून त्यांचं वजन घेतो आणि त्यावरून नाव ठरतं.

हा कागद हातात आला की लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तिथे सावध राहायला हवं. यंत्राला फक्त उडणारे पदार्थ दिसतात. कोणी तेलात शेंगदाण्याचं तेल ओतलं असेल, तर ते त्या उष्णतेला उडतच नाही, नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही, आणि कागदावर जिरॅनिऑल ८० टक्के असंच छापून येतं. त्या भेसळीला जुना, फुकटचा उपाय चांगला: कोऱ्या कागदावर थेंब टाकायचा आणि थांबायचं. सुगंधी तेल उडून जातं, शेंगदाण्याचं तेल तेलकट डाग ठेवून बसतं. दुसरा जुना उपाय अल्कोहोलचा. ७० टक्के अल्कोहोलच्या तिप्पट मापात पामारोसा स्वच्छ विरघळतं. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल मिसळलेलं असेल तर मिश्रण गढूळ होतं.

मोतिया आणि सोफिया वेगळे करायला प्रकाशाचा उपयोग होतो, आणि मला स्वतःला ही चाचणी सगळ्यात देखणी वाटते. काही रेणू डाव्या-उजव्या हातासारखे दोन आरशातल्या रूपांत असतात, आणि त्यातलं एक रूप जास्त असलं की एका दिशेत कंप पावणारा प्रकाश द्रवातून जाताना वळतो. जिरॅनिऑलच्या रेणूला असं डावं-उजवं रूप नाही. त्यामुळे मोतियाच्या तेलातून प्रकाश जवळपास सरळ निघतो, वळण शून्याच्या आसपास. सोफियातल्या लिमोनीन आणि कार्व्होनला मात्र ती दोन रूपं आहेत, म्हणून त्याच्या तेलात प्रकाश चांगलाच वळतो, कित्येकदा वीस-तीस अंशांहूनही जास्त. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साखरेच्या द्रावणासाठी जो पोलॅरिमीटर असतो, तोच इथे कामी येतो.

आता गुणांकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त थांबायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त अतिशयोक्ती होते.

रोशाचं तेल जंतू मारतं का? प्रयोगशाळेत, हो. जंतू पसरलेल्या थाळीवर तेलात भिजवलेली कागदाची लहान चकती ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जंतूवर असं वर्तुळ दिसतं, कँडिडासारख्या बुरशीवरही. कारण समजण्यासारखं आहे. जंतूच्या पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. जिरॅनिऑलचा लांब भाग स्निग्ध पदार्थांत रमणारा, तर टोकाचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा भाग पाण्याकडे ओढ असलेला. असा रेणू आवरणात घुसतो, त्याची घडी विस्कटतो आणि पेशीतले क्षार बाहेर गळू लागतात. ज्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यांच्यावर परिणाम बहुधा कमी होतो. स्यूडोमोनाससारखा चिवट जंतू तर अनेकदा दाद देत नाही.

पण त्या वर्तुळावरून औषधाचा निष्कर्ष काढता येत नाही. थाळीतलं माध्यम पाणीदार असतं, तेल त्यात नीट पसरत नाही. काही हवेत उडून जातं. लहान वर्तुळ म्हणजे कमजोर तेल असंही नाही आणि मोठं वर्तुळ म्हणजे जोरदार औषध असंही नाही. म्हणून संशोधक दुसरी चाचणी करतात: तेलाचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं निम्मं करत न्यायचं आणि जंतूंची वाढ रोखणारं सगळ्यात कमी प्रमाण शोधायचं. सुगंधी तेलांचा हा आकडा बहुतेकदा दर मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या आसपास येतो. चांगल्या प्रतिजैविकाचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे हजारपट खालच्या पातळीवर. तेवढं जिरॅनिऑल रक्तात पोचवायचं म्हटलं तर जंतूंच्या आधी आपल्याच पेशींची आवरणं धोक्यात येतील, शिवाय यकृत ते झपाट्यानं बदलून बाहेर टाकतं. लॉरेलच्या तेलावरच्या संशोधनातही हीच अडचण आहे; त्यात सिनिओलचं प्रमाण झाडाच्या जागेनुसार आणि कापणीनुसार इतकं बदलतं की घटकांचं प्रमाण न देता सांगितलेला परिणाम दुसऱ्या कोणाला पडताळताच येत नाही.

कृमींबद्दलही असंच. जिरॅनिऑल सी. एलेगन्स नावाच्या सूक्ष्म कृमीला मारतं असं प्रयोगात दिसलं आहे. तो मातीत राहणारा जीव आहे, संशोधनाला सोयीचा. मुलांच्या पोटातल्या जंतांवर घरी रोशाचं तेल पाजणं हा त्याचा अर्थ मुळीच नाही. हे तेल पोटात घेऊ नये, मुलांना तर थेंबभरही देऊ नये. जंतांसाठी आरोग्य केंद्रात स्वस्त आणि पारखलेली गोळी मिळते.

सांधे दुखत असताना रोशाचं तेल चोळण्याची जुनी वहिवाट आहे. चोळण्यानं ऊब येते, बरं वाटतं, हे खरंच. जिरॅनिऑलनं सूज कमी होते असे निष्कर्ष प्राण्यांवरच्या प्रयोगांत मिळाले आहेत. माणसांवरचा भक्कम पुरावा मात्र अजून फार तुटपुंजा आहे, म्हणून संधिवाताचं चालू औषध या तेलाच्या भरवशावर बंद करू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

जिथे हे तेल खरोखर कामाचं ठरतं, त्या जागा बाहेरच्या आहेत. डासांना जिरॅनिऑल आवडत नाही. रोशाच्या तेलाच्या चाचण्या मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस डासांवर झाल्या आहेत, आणि बाजारातल्या काही डास-रोधक मलमांत जिरॅनिऑल असतंच. अडचण त्याच गुणाची आहे ज्यामुळे ते दरवळतं: ते उडून जातं. त्यामुळे संरक्षण काही तासांचं, पुन्हा लावावं लागतं. धान्यावरच्या बुरशीवरही या तेलाची वाफ प्रयोगशाळेत परिणाम दाखवते. भुईमूग आणि मक्यावर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, म्हणून आपल्याकडे याचं महत्त्व आहे. पण वास धान्याला लागतो आणि कोठारभर वाफ टिकवायला खर्च येतो. माल नीट वाळवणं हाच अजून पहिला उपाय.

आणि साबण, अत्तर, तंबाखूचा सुवास यांत तर त्याची जागा जुनीच आहे. विसाव्या शतकात टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागलं आणि रानातल्या गवताच्या तेलाची मक्तेदारी गेली. तरी नैसर्गिक पामारोसाला मागणी आहे. औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेनं पीआरसी-१, तृष्णा, तृप्ता असे लागवडीचे वाणही काढले आहेत. हलक्या, उताराच्या जमिनीत रोशा टिकतो. लागवड करणाऱ्यानं वाणाची खात्री आणि तेल तपासण्याची सोय या दोन गोष्टी बी टाकण्याआधी पाहाव्यात, नंतर नव्हे.

आता बाटली घरी आल्यावर काय करायचं ते. जिरॅनिऑल हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश संयोग पावतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ त्वचेला अॅलर्जी आणू शकतात. युरोपात म्हणूनच कायदा आहे: अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून जास्त जिरॅनिऑल असेल तर वेष्टणावर त्याचं नाव छापावं लागतं. हे तेल कधीही थेट कातडीवर लावू नये; खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक-दोन टक्केच मिसळावं आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर वाट पाहावी. बाटली गडद काचेची असावी, प्लास्टिकची नको. मोठी बाटली अर्धी रिकामी पडून राहिली की वरच्या मोकळ्या जागेत हवा साचते, म्हणून उरलेलं तेल लहान बाटल्यांत काठोकाठ भरून, उन्हापासून दूर ठेवावं. प्रत्येक बाटलीवर गवताचा प्रकार आणि तेल काढल्याचं वर्ष लिहून ठेवावं. जुनं, आंबूस वासाचं तेल अंगाला लावू नये.